पापुद्रा सुटू नये म्हणून

देवरे सर कुणाच्या घरी गेले की आधी दार ठोकत. दार उघडल्यानंतर. म्हणजे घरधनी समोर "या सर, या" म्हणत उभा, आणि सर त्याच्याकडे पाठ करून, खिशातला पाच रुपयांचा जुना जाड ठोकळा काढून दाराच्या फळीवर खालून वर टक, टक, टक करत चाललेले. कान फळीला लागायचाच बाकी. एका जागी ते थांबत, तिथंच पुन्हा ठोकत आणि मग वळून घरधन्याला सांगत, "इथं बद्द आहे. आतला पापुद्रा सुटलाय. वरून काय, सगळंच गुळगुळीत असतं." एवढं झालं की चप्पल काढून आत येत आणि पाणी मागत.

धुळ्याच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात हे सगळ्यांना माहीत होतं. सर नाण्याशिवाय कुठं जात नसत, आणि वस्तू वाजवून बघितल्याशिवाय तिच्यावर विश्वास ठेवत नसत. कॉलेजच्या व्हरांड्यात नव्या फरशा बसवल्या तेव्हा त्यांनी वाकून वाकून एकेक फरशी वाजवली आणि जी बद्द वाजली तिच्याभोवती खडूनं गोल काढला. दुसऱ्या दिवशी बाहेरून तपासणीला माणसं आली. व्हरांडाभर गोलच गोल बघून त्यांनी विचारलं, हे काय? प्राचार्य म्हणाले, "मुली रांगोळीची तयारी करताहेत." सर मागंच उभे होते. ते म्हणाले, "रांगोळी नाही. पोकळ आहेत त्या."

एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात मांडवात आंदण मांडून ठेवलं होतं. भांडी, कपाट, दिवाण. सरांनी दिवाण वाजवला. मग मुलीच्या वडिलांना बाजूला घेऊन म्हणाले, "पायथ्याकडची फळी सुटत चाललीय. मुलीला सांगून ठेवा." ते बिचारे वऱ्हाडाच्या गडबडीत होते. म्हणाले, "सर, दिवाण टिकेल न टिकेल, तुम्ही आधी जेवून घ्या."

फक्त टरबुजाच्या बाबतीत सरांचा हिशोब उलटा पडे. टरबूज पिकलेलं असलं की बद्द वाजतं, हे आमच्याकडं लहान पोराला कळतं. सरांना खणखणीत आवाजाची इतकी ओढ की ते गाडीवरची सगळी टरबुजं वाजवून नेमकं कच्चं निवडत. कॉलेजच्या फाटकासमोरचा गाडीवाला तर सरांसाठी कच्ची टरबुजं वेगळी काढून ठेवी. आम्हाला वाटे, एवढी कच्ची टरबुजं सरांच्या घरी खातं कोण?

मी हे लिहितेय ते जरा भीतभीतच. गुरुजनांच्या गमती लिहाव्यात की नाही, मला ठरवता येत नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मीच पहिली. शिरपूरच्या पुढं, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं गाव आहे. पावसावरची शेती, ज्वारी आणि थोडा कापूस. कॉलेजात आले तेव्हा मी दोन गोष्टी लपवत असे. एक घरची अहिराणी, आणि दुसरे माझे हात. कापूस वेचून आणि ज्वारीची कणसं खुडून माझे हात खरबरीत झालेत, बोटांना भेगा आहेत. वर्गात मी ते ओढणीखाली ठेवायची.

सर मुलांना नावानं हाक मारत नसत, गावानं मारत. "ए बोदवड, फळा पूस." "ए दीपनगर, खिडकी लाव." मी शिरपूर झाले. माझं गाव शिरपूर नाही, शिरपूरपासून बरंच आत आहे, हे सांगायचा मला पहिले कित्येक महिने धीर झाला नाही. मग सांगावंसंच वाटेना. शिरपूर म्हटलं की बरं वाटे.

सरांचा विषय होता कार्बनचं कापड. काळं, चकचकीत, साडीसारखं विणलेलं कापड असतं ते. त्याचे थरावर थर रचून मधे राळ भरली आणि ती सुकू दिली की पत्र्यापेक्षा हलकी आणि लोखंडाला हार न जाणारी पाटी तयार होते. विमानात वापरतात, महागड्या सायकलीत वापरतात. तिचं दुखणं एकच. उभ्या-आडव्या ताणाला धागे असतात, पण थराला थर धरून ठेवायला धागा नसतो, नुसती राळ असते. एकदा का दोन थरांमधे चीर शिरली की ती सरळ आत पळत जाते आणि पाटी आतल्या आत सुटते. वरून दिसत काहीच नाही. सरांनी आयुष्यभर एवढ्या एकाच गोष्टीचा ध्यास घेतला होता.

हे त्यांनी आम्हाला बट्टी दाखवून शिकवलं. एके दिवशी वर्गात डबा घेऊन आले, त्यातली बट्टी, वरणाशी खायचा कणकेचा घडीदार गोळा, काढून टेबलावर ठेवली आणि अंगठ्यानं तिचे थर उकलत गेले. "बट्टी करताना घडीला तेल का लावतात?"

"खमंग लागते म्हणून, सर," मागून हर्षल म्हणाला. हाच तो दीपनगर. वीज केंद्राच्या कॉलनीतला, डोक्याला रोज नेमानं तेल चोपडणारा.

"थर सुटावेत म्हणून," सर म्हणाले. "तेल असतं तिथं थराला थर धरत नाही. बट्टीला ते चांगलं. आपल्या पाटीला ते मरण. म्हणून माझ्या लॅबमधे तेलकट हात चालणार नाही."

बट्टीचे थर टेबलावर पसरले होते आणि वासानं वर्ग कासावीस झाला होता. हर्षलनं विचारलं, "सर, मग ही आता कोण खाणार?" सरांनी रुमालानं हात पुसत सांगितलं, "कोणी नाही. हा नमुना आहे."

त्यानंतर प्रोजेक्टसाठी मुलं निवडायची होती. सर बाकाबाकांवरून "हात दाखव" म्हणत चालले. नुसते बघत नसत, वास घेत. कुणाच्या हाताला भरिताचा, कुणाच्या शेवभाजीचा. माझ्यापाशी आले तेव्हा मी ओढणीखालून हात काढेचना. "काय शिरपूर, हात घरी ठेवून आलीस?" वर्ग हसला. मी हात पुढं केले. सरांनी ते उलटेपालटे करून पाहिले. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. सर म्हणाले, "कोरडे आहेत. हे हात चालतील." आणि पुढं गेले.

कुणी माझ्या हातांना चांगलं म्हणायची ती पहिलीच वेळ होती. दुसरी जागा हर्षलला मिळाली, कारण यंत्रातलं त्याला कळायचं. पण लॅबमधे यायच्या आधी त्यानं डोकं धुवायचं, अशी अट पडली.

आमचं काम सांगायला सोपं होतं. दोन थरांच्या मधे केळीच्या धाग्यांचा पातळ पडदा घालायचा. धागे आडवेतिडवे पसरलेले, म्हणजे चिरेला पुढं सरकायचं तर एकेक धागा ओढून काढावा लागेल. ती दमेल, असं सर म्हणत. "तिला पळू द्यायचं नाही. दमवायचं."

धागे आणायला आम्ही जळगावकडं गेलो. केळीचा घड उतरला की उरलेल्या खांबातून धागा काढणारी एक छोटी शेड होती तिथं. सरांनी आधी शेडचं दार वाजवलं, मग केळीचा खांब वाजवला. तिथल्या बायका एकमेकींकडं बघू लागल्या. एकीनं मला हळूच विचारलं, "डॉक्टर आहेत का?" मी म्हटलं, "हो, त्यातलंच काहीतरी."

धागा सोड्यात उकळायचा, पाण्यात पिंजायचा, चाळणीवर पसरून वाळवायचा. कांद्याच्या सालीसारखा पडदा निघे. फुंकर मारली तर उडेल असा. तो कापडाच्या थरावर बसवताना सगळे हातमोजे घालत. पण मोज्यात बोटाला सुरकुती कळत नाही. म्हणून शेवटचा हात सर स्वतः फिरवत. मोजा काढून, नुसत्या अंगठ्यानं. ती मुभा फक्त त्यांना होती. तासन्‌तास वाकून ते त्या पडद्यावरून अंगठा फिरवत तेव्हा झोपलेल्या माणसाच्या अंगावरचं पांघरूण सारखं करावं तसं वाटे.

हे सगळं कशासाठी, तर एका पेशंटसाठी. सर एवढंच म्हणत, "पेशंट." एका बाईंचा पाय लहानपणी पोलिओनं गेला होता. चामडं आणि लोखंडाची जड पट्टी लावून त्या घरातल्या घरात चालत. त्यांच्यासाठी टाचेखालून घोट्यामागं वर जाणारी कार्बनची पाटी करायची होती. पाऊल टाकलं की वाकेल आणि उचललं की पाय पुढं ढकलेल अशी. घोट्यामागच्या वळणावर सगळा ताण येतो. पापुद्रा सुटला तर तिथंच सुटणार, आणि चालता माणूस पडणार.

"पेशंटला कानबाईच्या आधी पाटी हवी आहे," सर म्हणाले. "विसर्जनाला नदीवर पायी जायचंय. कधी गेलेली नाही."

आमच्या खानदेशात हे कुणाला समजवावं लागत नाही. श्रावणातल्या रविवारी घरोघर कानबाई बसते, नैवेद्याचे रोट होतात, आणि सोमवारी बाया तिला डोक्यावर घेऊन वाजतगाजत नदीवर नेतात. सासरची, माहेरची, म्हातारी, कोवळी, सगळ्या नाचतात. त्या दिवशी ओट्यावर बसून राहणं काय असतं, ते मला माझ्या आजारी मावशीमुळं माहीत होतं. म्हणून त्या पेशंटला मी पाहिलं नव्हतं तरी मनात धरलं होतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीला निघाले तेव्हा सरांनी जरा अडखळत विचारलं, "शिरपूर, तुमच्याकडं मोहाचं तेल निघतं ना? चांगलं, घाण्यावरचं?" मी गोंधळले. आमच्या पायथ्याच्या गावांत टोळीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं तेल सांधे चोळायला वापरतात. त्याला एक उग्र वास असतो. वसतिगृहात मुली नाक मुरडतील म्हणून मी ते कधी आणलं नव्हतं. "पेशंटच्या पायाला चोळायला हवं होतं," सर म्हणाले. येताना मी बाटली आणली. चार फडक्यांत गुंडाळून, पिशवीच्या तळाशी ठेवून. सरांनी ती घरी नेली.

आषाढात आमची पहिली पाटी तयार झाली. काळी, तुळतुळीत, सुंदर. हर्षलनं शिलाई मशिनची जुनी मोटर लावून एक यंत्र केलं होतं, ते पाटी दिवसभर वाकवी आणि सोडी. संध्याकाळी सर आले, पाटी सोडवून हातात घेतली आणि ठोकळ्यानं वाजवत निघाले. टक, टक, टक. घोट्यामागच्या वळणावर आवाज बसला. सरांनी पुन्हा ठोकलं. पुन्हा बसका आवाज.

सरांनी पाटी करवतीनं कापायला लावली. पडदा बसवलेल्या जागीच दोन थर वेगळे झाले होते. इतर ठिकाणी केळीच्या धाग्यांनी थर असे धरले होते की पाचर घालूनही सुटेनात. इथं मात्र वहीचं पान उलटावं तसे उघडले. आणि मधोमध, सुपारीएवढी एक जागा तेलकट चमकत होती.

सरांनी तो तुकडा नाकाशी नेला. "मोहाचं तेल," ते म्हणाले.

हर्षल लगेच म्हणाला, "सर, माझं बदामाचं आहे. आणि मी डोकं धुतलंय. शिरपूर साक्षीला आहे." एरवी हसू आलं असतं. सर माझ्याकडं बघत होते.

"तू घरून आली होतीस ना परवाच?"

मी मान डोलावली. घरून आले होते, पण तेलाला हात लावला नव्हता. लॅबमधे यायच्या आधी दोनदा साबण लावला होता. शिवाय मोजे होते. हे सगळं माझ्या जिभेवर होतं. आणि त्याच्या मागं आणखी एक गोष्ट होती. माझ्याकडची बाटली आता सरांच्या घरी होती, आणि मोजा काढून त्या पडद्यावर अंगठा फिरवणारे सर एकटेच होते. पण हे शिक्षकांना तोंडावर कसं म्हणतात, ते मला कुणी शिकवलेलं नव्हतं. आमच्या घरात शिक्षक आले की वडील उभे राहतात.

"हात दाखव," सर म्हणाले. मी दाखवले. त्यांनी वास घेतला नाही. "शिरपूर, तुझे हात कोरडे म्हणून मी तुला घेतलं होतं. कानबाई तोंडावर आली आहे. ती बाई माझ्या शब्दावर बसलीय." त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "उद्यापासून लॅबला येऊ नकोस."

हर्षल बाहेर माझ्यामागं पळत आला. "अगं, बोलायचं ना! सरांनीच हात लावला होता."

"तू का नाही बोललास?"

त्यानं धुतलेल्या केसांतून हात फिरवला. मग म्हणाला, "माझी फाटली."

दुसऱ्या दिवशी मी वर्गात मागच्या बाकावर बसले होते. ओढणी पुन्हा हातांवर आली होती. पहिला तास दुसऱ्याच कुणाचा होता. मधेच दार उघडून देवरे सर आत आले. त्यांनी दार वाजवलं नाही, हे सगळ्यांच्या लक्षात आलं. सरळ माझ्या बाकापाशी येऊन उभे राहिले आणि आपला उजवा हात माझ्या नाकासमोर धरला.

"वास घे."

मी वर बघितलं. सरांचा शर्ट एका बाजूला बाहेर आला होता. डोळे लाल होते.

"घे, कविता."

त्यांच्या तोंडून माझं नाव मी पहिल्यांदा ऐकत होते. मी वास घेतला. साबणाचा वास होता, भरपूर साबणाचा. आणि त्याच्याखाली, अंगठ्याच्या नखाच्या कडेला, आमच्या गावाचा वास होता.

"आता सकाळी तळहातावर तेल ओतलं आणि लक्षात आलं," सर म्हणाले. "रोज सकाळी चोळून येतो मी. हात धुतो, पण नखात राहतं." मग सगळ्या वर्गाकडं वळून म्हणाले, "लॅबमधली पाटी हिच्या हातानं बिघडली नाही. माझ्या हातानं बिघडली. अख्खं गाव वाजवत फिरलो आणि बद्द मीच निघालो." जाताना पुन्हा माझ्याकडं बघून हळू म्हणाले, "तो हात मना शे." तो हात माझा आहे. सर अहिराणी बोलतात, हे त्या दिवशी कॉलेजला कळलं.

दुपारी ते हर्षलला आणि मला पेशंटकडं घेऊन गेले. पेशंट सरांच्याच घरी होती.

जुन्या धुळ्यातल्या गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर. ओट्यावर एक बाई बसल्या होत्या, पांढरे केस, कपाळावर मोठं कुंकू, लोखंडी पट्टीतला पाय सरळ पुढं ठेवलेला. त्या सरांच्या मोठ्या बहीण. सर त्यांना अक्का म्हणत. घरात दोघंच. सरांनी लग्न केलं नव्हतं.

"तूच का वं ती?" अक्का मला म्हणाल्या. "तेलनी बाटली तूच लई उनी ना?"

"हाव अक्का, मीच," मी म्हटलं. कितीतरी दिवसांनी मी गावाबाहेर असं बोलले.

"ये, बैस. यानं मनावर घेऊ नको. हाऊ मना भाऊ बठ्ठा गावले ठोकस, सोताले काही ठोकत नही."

सर आत चहा ठेवायला गेले. कोपऱ्यात हंगाम सरतानाचं एक टरबूज होतं, अर्धं कापलेलं, आतून पांढरट. हर्षलनं मला कोपर मारलं. अक्कांनी ते पाहिलं. "कायम हाऊच प्रकार," त्या म्हणाल्या. "साखर लाई खास मी. त्याले सांगू नको."

म्हणजे ती कच्ची टरबुजं साखर लावून अक्काच खात होत्या. मग त्यांनी आतल्या खोलीकडं एकदा बघून घेतलं आणि आवाज खाली आणून सांगितलं. लहानपणी त्या शाळेतून येत तेव्हा त्यांच्या पट्टीचा आवाज गल्लीच्या तोंडाशीच सरांना ऐकू येई. पट्टा ढिला झालाय की खिळा निसटलाय, ते चिमुरडं पोर आवाजावरून ओळखी आणि पक्कड म्हणून घरचा अडकित्ता घेऊन धावत जाई. पुढं इंजिनिअर झालं, शिक्षक झालं. आणि मग त्यानं अक्कांसाठी कार्बनची पहिली पाटी केली. एकट्यानं, कुणाला न सांगता. आरशासारखी. अक्का ती घालून याच ओट्याच्या पायऱ्या उतरल्या. शेवटच्या पायरीवर पाटी आतून सुटली. अक्कांचं मनगट मोडलं.

"मी त्याले काहीच बोलनी नही," अक्का म्हणाल्या. "तोभी काही बोलना नही. पन तवंपासून त्याले हाई ठोकानं येड लागनं."

आतून कपबशांचा आवाज येत होता. मला सरांचं ते वाक्य आठवलं, वरून काय, सगळंच गुळगुळीत असतं. आम्ही सगळी मुलं त्या वाक्याची नक्कल करायचो. मीही करायची.

सर चहा घेऊन आले आणि उभ्यानंच म्हणाले, "अक्का, नवी पाटी होईपर्यंत चोळणं बंद करावं लागेल."

"मग मना पाय कोन चोळी?" अक्का म्हणाल्या. चेष्टेतच म्हणाल्या, पण म्हणताना त्यांचा हात गुडघ्यावर गेला. पावसाळी हवा होती. तो गुडघा रात्रभर ठणकत असणार, हे आम्हालाही दिसत होतं.

सरांनी तो हात पाहिला. आपला कप तसाच खाली ठेवला. मग माझ्याकडं वळले. "कविता, पडदा तू बसव. मोजा न घालता. मी पाटीला हात लावणार नाही."

"सर, मला जमेल का?"

"हात दाखव," ते म्हणाले. मी दाखवले, या वेळी लगेच. त्यांनी मान डोलावली.

नवी पाटी केली त्या दिवसाचं दृश्य मी कधी विसरणार नाही. लॅबचं दार सताड उघडं, आणि आमचे सर उंबऱ्याबाहेर. आत यायचं नाही असं त्यांनी स्वतःच ठरवलं होतं. दोन्ही हात पाठीमागं बांधलेले, मान आत काढलेली. "डावीकडं बघ. सुरकुती आहे का? बोटानं बघ, डोळ्यानं नको." हर्षल म्हणाला, "सर, आत या ना, नुसतं उभं राहायला." सर म्हणाले, "नको. मी तेलकट आहे." येणारे-जाणारे प्राध्यापक थांबून बघत. प्राचार्यांनी विचारलं, "देवरे, बाहेर का काढलंय तुम्हाला?" सर म्हणाले, "नियम आहे, सर."

मी पडद्यावरून बोट फिरवत गेले. माझ्या बोटांच्या भेगांना केळीचा एकेक धागा कळत होता, कुठं दबलाय, कुठं उचललाय. ज्या हातांची मला लाज वाटायची त्यांना ते काम ओळखीचं वाटलं. मधेच मागं वळून पाहिलं तर सरांचा पाठीमागचा अंगठा हवेतच फिरत होता, माझ्या बोटाबरोबर.

त्या पाटीला यंत्रावर चढवलं, आणि ती वाकत राहिली, आणि खणखणीत वाजत राहिली. शनिवारी अक्कांच्या पायाला ती बसवली.

सोमवारी गल्लीतल्या कानबाई निघाल्या. डफ, पिपाणी, गुलाल. अक्का सगळ्यांच्या मागं होत्या, नवी हिरवी साडी नेसून. सुरुवातीला त्यांनी माझा खांदा धरला होता. कोपऱ्यावरच्या पिंपळापाशी त्यांनी तो सोडला. पुढच्या बायांतली एक मागं वळून ओरडली, "वं माय, अक्का उनी!" आणि दोघीतिघी नाचत मागं आल्या, अक्कांच्या भोवती फुगडीचं रिंगण धरलं. अक्का नाचल्या नाहीत. चालत राहिल्या. त्यांना तेवढंच हवं होतं.

सर आमच्या मागं होते. त्यांचं कुणाकडं लक्ष नव्हतं. मान तिरकी करून ते अक्कांच्या पावलाचा आवाज ऐकायचा प्रयत्न करत होते आणि डफांच्या गलक्यात त्यांना काही ऐकू येत नव्हतं. "कविता, ऐकू येतंय का?" ते पुन्हा पुन्हा विचारत. मलाही येत नव्हतं. मी मान हलवी आणि त्यांचा चेहरा आणखी ओढला जाई.

पांझरेच्या काठावर अक्का एका दगडावर बसल्या. बाया पाण्यात उतरल्या, कानबाईला निरोप देऊ लागल्या. सर खाली बसले. खिशातून ठोकळा काढला. अक्कांनी पाय पुढं केला. सरांनी नाणं पाटीजवळ नेलं आणि तिथंच थांबले. मग ते नाणं त्यांनी माझ्याकडं दिलं आणि तोंड नदीकडं फिरवलं.

मी टाचेपासून सुरुवात केली. टक. टक. घोट्यामागच्या वळणावर आले. खण.

"परत," सर म्हणाले. माझ्याकडं न बघता.

खण.

"परत."

मी पुन्हा वाजवलं. सरांची पाठ हलत होती. त्यांनी पुन्हा "परत" म्हटलं.

अक्कांनी वाकून त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, गुलालाचा. "बस व्हयनं रे, वसंता," त्या म्हणाल्या. "हाऊ मना पाय शे, टरबूज नही."

आणि भावाच्या डोक्यावर तसाच भार देऊन त्या उठल्या, आणि पाण्याकडं चालू लागल्या.